हजेरीला आलेला माणूस

कुणी फिका, बिनसाखरेचा चहा मागितला की ती घटना मला आजही आठवते.

तेव्हाच्या औरंगाबादेत, शहराबाहेर एक सूतगिरणी होती. मालकाचे दिवाळे निघाले, गिरणीला सील लागले आणि कामगार रस्त्यावर आले. मोर्चे झाले, रास्ता रोको झाला, आणि त्यांना अडवायला आम्ही पोलीसच उभे होतो. अखेर सरकारने कामगारांना हप्त्याहप्त्याने मदत द्यायचे ठरवले. प्रत्येक हप्त्याआधी कामगाराने गिरणीच्या फाटकाशी येऊन कामगार कार्यालयाच्या अधिकाऱ्यापुढे स्वतः हजेरी द्यायची, असा नियम होता. गर्दी म्हटली की बंदोबस्त आला, आणि हद्द माझ्या ठाण्याची असल्यामुळे बंदोबस्ताला मीही आलो.

फाटकासमोर एका चाचांची चहाची टपरी होती. माझा अनुभव असा की माणसाची खरी ओळख न्हाव्याला आणि चहावाल्याला असते, पोलिसाचा नंबर त्यानंतर. त्या दिवशी ग्लास पुढे करताना चाचा सहज बोलून गेले, "साहब, वो नीले शर्टवाले कू देखो. बरसों मेरे पास फीकी चाय पिया. अब मीठी पीरा, वो बी दो-दो कप. और मेरे कू सलाम तक नहीं किया."

"चाचा, गिरणी बुडाली म्हणून माणसानं गोड खाऊ नये का?" मी हसून म्हणालो. पण ते बोलणे डोक्यातून जाईना. माणूस नोकरी बदलतो, पक्षही बदलतो, पण इतक्या वर्षांचा चहा बदलत नाही. हजेरी संपल्यावर मी त्या निळ्या शर्टवाल्याला ठाण्यात आणले.

ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळत होता. आमचे जमादार दम द्यायला पुढे सरसावले, त्यांना मी थांबवले. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो आणि मग निस्तरत आपल्याला बसावे लागते. मी साधेच प्रश्न विचारले. खाते कोणते, पाळी कोणती, मुकादम कोण. उत्तरे चोख मिळाली. इतकी चोख की माझा संशय वाढला. खरा माणूस अडखळतो, 'थांबा, आठवतो' म्हणतो. पाठ केलेला माणूस घडाघडा बोलतो. शिवाय तो फार हळू बोलत होता.

मोर्च्यांच्या दिवसांत मी या कामगारांना जवळून पाहिले होते. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने ते घरातसुद्धा ओरडूनच बोलत. आणि जिथे आवाज पोचत नसे तिथे नुसते ओठ हलवत. समोरचा ते ओठ वाचून उत्तर देई. आमच्या नाकासमोर त्यांचे सगळे बेत शिजत आणि आम्हाला पत्ता लागत नसे.

मी त्याच खात्यातल्या एका जुन्या कामगाराला बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर बसवले. म्हाताऱ्याने आवाज न काढता ओठ हलवले. निळा शर्टवाला बघतच राहिला. पुन्हा ओठ हलले.

"काय म्हणता? ऐकू नाय आलं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "साहेब, म्या फक्त विचारलं, जेवलास का. रोजचं बोलणं हाय आमचं. ह्यो त्यो नव्हं. त्याचा धाकटा भाऊ असंल, तोंडावळा त्योच हाय."

"थोरला कुठे आहे?" मी विचारले.

त्याचा चेहरा पडला. "दादा गेला, साहेब. कन्नडकडं माझ्या मेंढरांपाशी आलता, छातीत कळ आली अन् गेला. तिथंच माती दिली. माणूस मेला की हप्ता बंद, म्हणून म्या अन् वैनीनं कुणाला सांगितलंच नाय. मला आत टाका, पण लेकरांचा हप्ता तेवढा तोडू नका."

मी कामगार कार्यालयात फोन लावला. तिकडून जे कळले ते ऐकून मला हसावे की रडावे समजेना. कामगार वारला तर उरलेले हप्ते त्याच्या वारसाला मिळणार होते. तसा नियम कार्यालयाच्या फलकावर लावलेला होता. पण मेंढरांमागे फिरणाऱ्या भावाला आणि चूल सांभाळणाऱ्या बाईला तो फलक कोण वाचून दाखवणार?

महिला पोलीस त्याच्या वहिनीला घेऊन आली. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. मी तिला बसवले आणि सगळे समजावून सांगितले.

"म्हंजी खरं सांगितलं असतं तरी मिळालं असतं?"

"हो बाई. आता तुमच्या नावानं मिळेल. मृत्यूची नोंद तेवढी करून घ्या."

ती हळूच म्हणाली, "गल्लीत कळंल म्हणून त्या दिवसापासून रडले नाय, साहेब. आता रडलं तर चालंल का?"

महिला पोलिसाने तिला आतल्या खोलीत नेले. जमादार, जे मघाशी दम द्यायला निघाले होते, उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गुन्हा नोंदवावाच लागला. कायद्यात दयेचा रकाना नसतो. पण पैसे हक्काच्याच घरात गेले होते, हे मी तपासाच्या अहवालात स्पष्ट लिहिले. न्यायालयाने धाकट्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. हप्ते वहिनीच्या नावावर झाले.

चोर पकडल्याचा आनंद त्या प्रकरणात मला झाला नाही. सरकारने मदत दिली होती, आणि ती मनापासून दिली होती. पण मदत जाहीर झाली म्हणजे ती माणसाला कळली, असे नसते, हे मी तिथे शिकलो. ज्याला कळत नाही तो गुन्हेगार होतो आणि आमच्या दारात येतो.

पुढच्या हजेरीला मी एका हवालदाराला फाटकावर उभे केले आणि वारसाचा नियम मोठ्याने वाचायला लावला. गिरणीच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वाचून होताच गर्दीच्या कडेला उभी असलेली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "पुन्यांदा सांगा, दादा."

तिच्याही कपाळावर ठसठशीत कुंकू होते.