सुनेच्या वाटचा भात

निवृत्त मास्तर हा आमच्या बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात सगळ्यात स्वस्तात मिळणारा प्रमुख पाहुणा. त्याला गाडी पाठवावी लागत नाही आणि नारळ दिला की तो अर्धा तास बोलतो. नारळ नाही दिला तरी बोलतो. गेल्या वर्षी तापीपलीकडे जैनाबादच्या अंगणवाडीत गरोदर बायकांच्या ओटीभरणाचा कार्यक्रम होता, तेव्हा आयोजकांना मी आठवलो तो असा.

विषय होता रेशनच्या धान्यातून चांगलं कसं खावं. मी पालेभाजीवर बोललो, शेंगदाणे-गुळावर बोललो, भाजीवर लिंबू पिळा म्हणालो. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं सांगितलं आणि नाश्ता संपवून समोर आलेला चहा प्यालो. शेवटी एका बाईने विचारलं, "गुरुजी, रेशनच्या तांदळात ते वेगळेच दाणे येतात, पिवळट. ते प्लास्टिकचे असतात म्हणे. खरं का?"

अंगणवाडीच्या ताई तेव्हा ओटीचं सामान आणायला आत गेल्या होत्या. त्या समोर असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. मला उत्तर माहीत नव्हतं. पण जन्मभर फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाची जीभ 'माहीत नाही' या शब्दांकडे वळतच नाही. आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. त्यात कुणीतरी असले दाणे काडी लावून जाळून दाखवले होते. तेवढ्या भांडवलावर मी ठोकून दिलं, "वेगळा दाणा दिसला की काढून टाकायचा. पोटात बाळ आहे, जोखीम कशाला?"

बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मान डोलावली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने. विद्यार्थी आता केळीचे ट्रक भरतो. त्याची बायको, तुकईथडची पोर, पहिलटकरीण, सासूच्या शेजारीच पदर सावरून बसली होती. तिच्या अंगात रक्त कमी होतं. दवाखान्यात सांगितलं होतं की वाढलं नाही तर इथे बाळंतपण करता येणार नाही, इंदूरला न्यावं लागेल. यावर पोरीने डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "मंग माझी माय कशी येईन?" तुकईथडहून बऱ्हाणपूरला थेट गाडी मिळते, ओळखीचा रस्ता आहे. इंदूर त्या माउलीने कधी पाहिलंही नव्हतं.

हे मला विद्यार्थ्याने सांगितलं, म्हणून काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात सासू सुपात तांदूळ घेऊन बसली होती. एकेक पिवळट दाणा चिमटीत धरून वाटीत टाकत होती.

"पाहा गुरुजी, तुम्ही सांगितल्यापासून एक दाणा जाऊ देत नाही."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन माझे डोळे नुकतेच नवे झाले होते. ते कुठेतरी दाखवावेत असं वाटत होतंच. तिने बसायला रिकामं पोतं अंथरलं. मी त्यावर मांडी घातली आणि मीही निवडू लागलो. तिच्या हातून सुटलेले दाणे मी शोधून काढत होतो आणि दर वेळी "हा पाहा" म्हणत होतो. पोर उंबऱ्यात बसून हसत होती. हसताना तिचे ओठ किती पांढरे दिसतात ते माझ्या नव्या डोळ्यांना दिसलं.

विद्यार्थी म्हणाला, "सर, रिपोर्ट वैसाच्या वैसा आहे. वाढूनच नाही राहिलं. गोळी खाल्ली की हिला उलटी होते."

मला राग आला. गरिबाला असलं भेसळीचं धान्य देतात म्हणजे काय. वाटीतले दाणे मी पुडीत बांधले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या रेशनच्या दुकानात जाऊन काउंटरवर पुडी उघडली. भाषणाची तयारी होती. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोलून देत होता, म्हणून मला थांबावं लागलं, आणि थांबलेला मास्तर समोर जे दिसेल ते वाचतो. समोर पोत्यांची थप्पी होती. पोत्यावर मोठ्या हिंदी अक्षरांत छापलं होतं की या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली आहेत. अगदी तसल्याच पोत्यावर मी आदल्या दिवशी तासभर बसून होतो.

दुकानदाराने पुडीकडे पाहिलं. "यही तो है गुरुजी. तांदळाच्या पिठात लोह मिसळून दाणे बनवतात. निवडले कशाला?"

मी पुडी खिशात घातली आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग हसू थांबवून तिने विचारलं,

"त्या पोरीला कितवा महिना?"

"सातवा संपत आला."

"मग आत्ता जा. आणि अहो, भाषण करू नका. तिथे बसून तो भात खा."

गेलो. सासूला म्हणालो, माझं चुकलं, ते दाणे औषधाचे आहेत, ही पुडी तांदळात परत मिसळा. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"गुरुजी, तुमाले कोणी दमदाटी तं नाही केली?"

"कोणी नाही केली. मला माहीत नव्हतं आणि मी बोललो."

"अन आता माहीत आहे?"

 मी म्हणालो, भात टाका, मी तुमच्यासमोर जेवतो. तिने चूल पेटवली. मी पुडी सुपात रिकामी केली आणि हाताने तांदूळ कालवले. आदल्या दिवशीची माझी सगळी कर्तबगारी पाहता पाहता नाहीशी झाली. भात झाला. मी अंबाडीच्या भाजीशी मोठमोठे घास घेतले. ती समोर बसून पाहत होती; मला वाटलं, मी कोसळतो का ते.

"तुमच्या खाण्याने काय कळणार?" ती शेवटी म्हणाली. "हे दाणे तं आम्ही रोजच खातो."

"म्हणजे?"

"आमच्या वाटचं कोण निवडत बसतं गुरुजी. आमची आतडी दगड पचवतात. मी तं फक्त हिच्या वाटचे तांदूळ निवडते. काढलेले कोंबडीले."

माझा घास हातात राहिला. म्हणजे घरात सासऱ्याला लोह मिळत होतं, नवऱ्याला मिळत होतं, कोंबड्यांना तर भरपूर मिळत होतं. ज्या एकीला हवं होतं तिचंच ताट तेवढं माझ्या सांगण्यावरून रोज प्रेमाने निवडलं जात होतं. सासूलाही ते त्याच क्षणी उमगलं असावं. तिने दाण्यांची रिकामी वाटी बाजूला सारली. मग पदराने डोळे पुसले, धूर झाल्याचं सांगितलं आणि उंबऱ्याकडे हाक मारली.

"ये वं. बस इथं."

त्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवायची. पोर संकोचाने माझ्याकडे पाहू लागली.

"गुरुजीले नको पाहू. भात पाहा." सासूने तिचं ताट वाढलं, भाजीवर लिंबू पिळलं आणि तिचं जेवण होईतो तिथून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंना मी सगळं कबूल केलं. त्यांनी मला त्याच बायकांसमोर पुन्हा उभं केलं, या वेळी नारळाशिवाय. गोळ्यांचंही त्यांनीच नीट लावून दिलं: रिकाम्या पोटी नाही, रात्री जेवणानंतर. सासू रोज ताटापाशी बसत राहिली. नंतरच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं, फार नाही, पण इंदूरचं नाव निघायचं थांबलं. भाताने वाढलं, गोळ्यांनी, की कुणीतरी शेजारी बसून जेवू घालत होतं त्याने, हे मला सांगता येणार नाही. माहीत नाही. जमलं बघा म्हणायला.

मुलगी झाली, बऱ्हाणपूरच्याच दवाखान्यात. मी भेटायला गेलो तेव्हा पोरीची आई तुकईथडहून येऊन पोचली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती लेकीच्या केसांतून हात फिरवत होती. माझ्याकडे पाहून तिने विहिणीला विचारलं, "हे कोण वं?"

मी मनातल्या मनात माझी गोष्ट रचायला घेतली, कुठे थांबायचं, कुठे हसवायचं. सासू माझ्या आधी बोलली.

"आपले गुरुजी. हिचं रक्त कमी होतं ना, तवा आमच्या घरी येऊन जेवून गेले."

पोरीच्या आईला त्यातून काही बोध झाला नसावा. पण तिने सरकून मला खाटेवर जागा दिली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.