रामप्रसाद सरांच्या नळीतली ऊब

आमच्या पेडगावात रामप्रसाद सरांना कधी कुणी नावं ठेवली न्हाईत. विज्ञानाचे मास्तर. रिटायर झाले आन घरच्या पडवीत प्रयोग मांडून बसले. काचेच्या नळीत निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची तार, तिच्याभोवती हायड्रोजन, बाहेरून लाईटीवरचा हीटर. "बजरंग, वांगं कसं तेल पितं, तसा हा धातू हायड्रोजन पितो. पिऊन पिऊन आपण दिलेल्यापेक्षा जास्त ऊब देतो का, तेवढंच बघायचंय," म्हणायचे. मोठमोठ्यांना जमलं न्हाई ते, पण सरांना ध्यास लय.

मी बजरंग, गावातला वायरमन. सरांनी मला वही दिली. हीटरला जाणारं होल्टेज दर तासाला लिहायचं. आठ दिवस लिहिलं, मग कंटाळा आला. खोटं कशाला बोलू? सकाळी एकशे ऐंशी बघायचो, खाली दिवसभर तोच आकडा ओढायचो आन पानटपरीवर जाऊन बसायचो.

चार वाजले की नळीतली ऊब चढायची. रोज! सर लेकरावानी खूश व्हायचे. मला कारण ठाऊक होतं. चारला शेतीची लाईन जाती, पंप थांबतेत, गावात होल्टेज वाढतं, हीटर जास्त तापतो. एवढं वायरमनला कळत न्हाई व्हय? पण सांगावं तर माझी वही खोटी पडती. सरांनी दोनदा विचारलं, "होल्टेज एकसारखं हाय ना?" दोन्ही खेपेला म्हणलं, "हाव सर."

मग सरांनी परभणीच्या कॉलेजातल्या सविता मॅडमला तपासायला बोलावलं. अर्धं गाव अंगणात जमलं. मॅडमनी वही चाळली.

"दिवसभर एकच आकडा? सर, असं होल्टेज मराठवाड्यात कुठं भेटतं?"

लोक खो खो हसले. चारला मॅडमनी स्वतः मीटर लावलं. काटा दोनशे तीसवर.

"ह्या नोंदी कुणी केल्या?"

सरांनी वहीतल्या माझ्या अक्षराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मीच केल्या," सर म्हणाले. "म्हातारपण हाय, मॅडम. सकाळी एकदा बघून दिवसाचं लिहीत होतो."

"मास्तरनंच कॉपी केली रे!" मागून पप्पू वरडला. सरांच्या हाताखाली शिकलेला तो. समदे पुन्हा हसले. सर खाली बघून नळीची वायर काढायलाले.

उठून खरं सांगावं वाटलं, देवाशपथ. पण बायको बघायली, गाव बघायलंय. लाज वाटती सांगायला, मी जागचा हललो न्हाई. उलट समद्यांसंगं थोडं हसलो.