बाजेखालची पावडर

सिद्रामप्पा उंदरांचं करतात म्हणून आमच्या बेंबळी गावात त्यांची लई टिंगल व्हायची. धाराशिवला औषधाच्या कॉलेजात त्यांची नोकरी. प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळायचे, पिंजरे धुवायचे, खाद्य-पाणी करायचं. म्या तिथंच झाडलोटीला, घर बी त्यांच्या शेजारी, म्हणून जाणं-येणं एकाच जीपमधी. जीपमधलं कुणीतरी हटकून विचारायचंच, "काय अप्पा, लेकरं बरी हायती का?" गळ्यात लिंग, मांसाला शिवायचं न्हाय, आन् हा माणूस दिवसभर उंदरांच्या मुतात! अप्पा नुस्ते हसायचे. त्यांना काही लागायचं न्हाय, मलाच राग यायचा.

एका साली कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमचा नवा प्रयोग लागला. शेतात फवारतात ते किडीचं औषध तेलात कालवायचं आन् उंदराच्या तान्ह्या पिल्लांना पाजायचं. पिल्लं कसली, नुस्ते गुलाबी गोळे, डोळे बी उघडलेले न्हाईत. औषध इतकं कमी की एक बी मरू नये. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुस्तं तेल. मग पाजणं बंद करायचं, आन् ती मोठी झाली की सगळ्यांचं रक्त तपासायचं. मला बघवायचं न्हाय. म्या म्हणलं, "अप्पा, पाप लागंल तुमाला."

"लागंल की," म्हणले. "पण माझ्या हातात ती गप राहतेत. दुसऱ्यानं धरली की वरडतेत."

त्याच वक्ताला त्यांची लेक महेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी झाली, नाव ठेवलं शिवप्रिया. आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली शेगडीत निखारे, दार-खिडकी गच्च बंद, आन् बाजेवर मायलेकी. अप्पांच्या बायकोनं, चन्नम्माकाकूंनी, कशात म्हणून हयगय केली न्हाय. पण दुधाच्या वासानं मुंग्या लागल्या. एका सकाळी लेकराच्या कानामागं मुंगी डसलेली दिसली आन् काकू अप्पांवर खेकसल्या, "जन्मभर उंदराचं करताव, नातीचं कधी बघणार?"

अप्पांनी कृषी केंद्रातनं मुंग्यांची पावडर आणून दिली. काकूंनी बाजेच्या खुरांभवती जाड रेघ ओढली. शेगडी आत-बाहेर करताना ती मोडायची, काकू लगेच नवी ओढायच्या. मुंग्या खलास! येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना त्या कौतुकानं दाखवायच्या.

कॉलेजात औषध कालवायचं काम मॅडम आपल्या खोलीत करायच्या. एक दिवस त्यांच्या हातातनं बाटली निसटून फुटली. म्या फडकं घेऊन धावले, मागनं अप्पा आले आन् दारातच थिजले. नाक वर करून वास घेऊलालते.

"दैवशाला," मला म्हणले, "हा वास आमच्या बाळंतिणीच्या खोलीत येतोय." मग मॅडमकडं वळून, "मॅडम, मुंग्यांच्या पावडरीत हेच असतंय का?"

"काही पावडरींत असतं."

"आन् त्याला ऊब लागली तर?"

"तर हवेत जास्त पसरतं. का हो अप्पा?"

अप्पा थांबलेच न्हाईत. संध्याकाळी म्या घरी आले तर शेगडी अंगणात, खोलीचं दार-खिडकी सताड उघडं, आन् अप्पा तोंडाला रुमाल बांधून फरशी पुसूलालते. काकू कपाळ बडवून घेत होत्या, "येड लागलंय ह्यांना! बाळंतिणीला वारं लागंल की!" अप्पा एवढंच म्हणले, "वारं लागू दे. डॉक्टर सांगतेत." खरं काय ते त्यांनी काकूंना सांगितलं न्हाय. मला म्हणले, "तिच्या हातनं झालंय हे तिला कळलं तर ती हाय खाईल. तू बी बोलू नको." म्या तोंडाला कुलूप लावलं.

डॉक्टरनं पोरीला तपासून ठणठणीत म्हणून सांगितलं. पण उंदीर बी ठणठणीतच दिसायचे. औषध पाजलेले तर उलट जास्त गुबगुबीत झाले, केस कसे चकचकीत. रक्त काढलं तवा कळलं. साखर वाढलेली, चरबी वाढलेली, काळीज, म्हंजी लिव्हर, बिघडाय लागलेलं. औषध लहानपणीच बंद झालतं, पण शरीरानं ते धरून ठेवलंतं.

अप्पा हात जोडून मॅडमपुढं उभे राहिले. "माझ्या नातीचं रक्त बघता का?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणल्या, "अप्पा, उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागत नाही. आणि उंदीर बिघडले हे मला कशावरून कळलं? शेजारच्या पिंजऱ्यात नुसतं तेल पाजलेले होते म्हणून. तुमच्या नातीला मी कुणाशी ताडून बघू?"

तवापासून कुणी शिवप्रियाला गुटगुटीत म्हणलं की अप्पांचा चेहरा पडायचा. पोरीला उचललं की तळहातावर जरा तोलून बघायचे. म्या ओळखायचे, पिंजऱ्यातनं उंदीर काढला की ते तसंच करायचे. एकदा महेश्वरीनं त्यांच्या हातातनं लेक ओढूनच घेतली. "अप्पा, असं नका धरू हो तिला," म्हणली. तिला कारण ठाऊक नव्हतं, तरी तिला ते आवडलं न्हाय.

यंदा महेश्वरी दुसऱ्या खेपेला आली, संगं शिवप्रिया, आता बडबडी झालेली. काकूंनी खोली पुसून काढली, बाज टाकली. मागच्या बारीचा गुण आलता म्हणून पावडर स्वतःच जाऊन आणली. म्या शेगडी द्यायला गेले तवा त्या खाली बसून मुठीनं रेघ ओढूलालत्या, आन् अप्पा दारात.

"टाकून दे ती," अप्पा वरडले. मग खालमानेनं सगळं सांगून टाकलं. बाटली, वास, उंदीर, रक्त. काकू ऐकत राहिल्या. शेवटी म्हणल्या, "मग शिवप्रियाचं काय?"

तेवढ्यात शिवप्रिया अंगणातनं "आज्जीऽ" करत दोन्ही हात पसरून पळत आली. काकू गडबडीनं उठल्या. दोन्ही हात पावडरीनं पांढरेफटक. ते त्यांनी पाठीमागं लपवले आन् भिंतीपतूर मागं सरकल्या. "शिवू नको गं माझ्या बाई, मला शिवू नको."

पोरीला वाटलं, आज्जी खेळूलालीय. हात धरायला ती हसत-हसत तिच्या मागं फिरत राहिली.