चौसष्टावा फरक

रविवार, सकाळी दहा. चौलच्या घराची पडवी. हजर : माझी मोठी मावसबहीण, माणगावला दिलेली तिची जुळी बहीण, आणि लिहायला मी.

आमची ही मावसबहीण आपल्या दुखण्याचा माग काढते, तितक्या चिकाटीने पोलीसही चोराचा काढणार नाहीत. संधिवाताने बोटं सुजून मूठ मिटेनाशी झाली, आणि जुळीला मात्र काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, दोघींची जनुकं सारखीच. पण त्यांतलं कुठलं चालू नि कुठलं बंद, हे त्यांच्यावरच्या खुणांवर ठरतं, आणि त्या खुणा राहणीप्रमाणे बदलू शकतात. हिने ते थेट सुपारीच्या वाडीत नेऊन बसवलं. मासळीवाली असो की एसटीचा कंडक्टर, सगळ्यांना एकच पाठ. "वाडी तीच, पाट तेच. माती लावून कुठला पाट बुजवलास, त्यावर ठरतं पाणी कुठं जातं ते." कंडक्टर तिकीट द्यायचं विसरला.

मग दोघींतले फरक शोधणं सुरू झालं. तिला पेन धरवत नाही, म्हणून वही माझ्याकडे. बाळंतपणं, आजारपणं, चुलीचा धूर, झोपताना कुठली कूस, सगळं लिहिलं. पाण्याचा संशय आला तेव्हा माणगावच्या विहिरीचं पाणी कॅन भरभरून मागवलं आणि महिनाभर तेच प्यायली. बोटं होती तशीच. "फुली मार," म्हणाली, आणि उरलेलं पाणी अबोलीला घातलं. डॉक्टरांनी दिलेली आठवड्याची गोळी मात्र चुकवत नाही. तिथे प्रयोग नाहीत.

हा सगळा खटाटोप तिच्या मुलीसाठी. ती पनवेलला असते आणि हल्ली सकाळी तिचीही बोटं आखडतात. काय टाळायचं, हे तिला लिहून द्यायचं आहे.

आज मी त्रेसष्ट फरक वाचून दाखवले. माणगावकरीण वाल सोलत ऐकत होती.

"आणि मशेरी गो?" ती म्हणाली. "आयनं दोघींना दिली. मला वांती झाली, तू धरलीस. तू तव्यावर तंबाखू भाजतेस तवा घरात उभं राहवत न्हाय."

तंबाखू सोडा, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी सोबत होते. वहीत ते आलं नव्हतं, आणि मीही आठवण केली नव्हती.

मावसबहिणीने सुजल्या बोटाने वहीकडे खूण केली.

"लिही," म्हणाली. "पोरीला पण मीच लावली. दाढ दुखत होती तिची."

मी लिहिलं. मुलीला फोन लावून देऊ का, विचारलं. आधी चहा, म्हणाली. चहा झाला, कपही विसळून झाले. मुलीला फोन करायचा राहिला आहे.