मोरोबांची कोरी जागा

मोरोबा राऊत कागदाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धूत, आणि ते कधीही पंच्याने पुसत नसत. पाण्याबाहेर आलेल्या बदकाने पंख झाडावेत तसे दोन्ही हात झाडत आणि खिडकीतल्या वाऱ्यावर धरून उभे राहत. "पंच्याची लव कागदाला लागते," ते म्हणत, "आणि मग नसलेली रेघ दिसायला लागते." गिरगावातल्या एका शिळाछापखान्यात आम्ही दोघे शेजारी बसून चित्रे उतरवत असू. त्यांच्या पाठीमागे तसेच हात झाडून दाखवणे हा आम्हा सर्वांचा खेळ होता. मीही तो खेळलो आहे.

ते प्रभादेवीहून चालत येत. ठेंगणे, सावळे, मिशीचे एक टोक नेहमी शिसपेन्सिलीच्या भुकटीने करडे झालेले. आमच्यात ते सगळ्यांत जुने, म्हणून मी त्यांच्या हाताखाली. एकदा एका जुन्या मूर्तीचे चित्र माझ्याकडे आले. मूर्तीचे नाक फुटलेले होते. मी चित्रात ते पुरे केले. मोरोबांनी कागद उचलून उजेडाशी धरला.

"विनायका, हे नाक कुणाचं?"

"मूर्तीचं."

"मूर्तीला नाही. तू दिलंयस. परत घे ते."

मी चाकूने नाक खरवडून काढले. "दिसतं तेवढं काढ," ते म्हणाले, "समजतं ते घरी ठेव." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शंभरदा तरी ऐकले असेन.

पुढे एका विद्वान साहेबाला लडाखकडच्या एका उंच खोऱ्यातल्या शिळांची चित्रे हवी होती. अक्षरे लिहिण्याची विद्या माणसाला यायच्या आधी कुणीतरी त्या शिळांवर दगडाने टोचे मारून जनावरे आणि शिकारी काढून ठेवले होते. साहेबाने मोरोबांना नेमले आणि कबूल केले, की काम मनासारखे झाले तर आपल्या ग्रंथातली सगळी चित्रे तेच काढतील. म्हणजे उरलेल्या आयुष्याची ददात मिटली. मदतीला मोरोबांनी मला मागून घेतले. मी तेव्हा पस्तिशीचा, घरी बायको आणि दोन मुली. आईने निघताना मारुतीच्या शेंदराची पुडी माझ्या बंडीच्या खिशात घातली.

आगगाडी, टांगा, मग खेचरे, मग पाय. मोरोबांनी सुकटीचा डबा बरोबर घेतला होता. त्याच्या वासाने माझा ब्राह्मणी जीव कासावीस होई. "तिकडे समुद्र नाही," ते म्हणत, "म्हणून थोडा बरोबर घेतलाय." खोऱ्यात पोहोचल्यावर पहिल्याच शिळेवर त्यांनी तळवा टेकला आणि बराच वेळ उचलला नाही. शिळेचे अंग काळे, तुकतुकीत. टोचे पडलेले तेवढे फिके. "हा बोकड बघ रे. शिंगं अंगापेक्षा मोठी. काढणारा याच्याकडून मार खाऊन आला असणार."

कामाची रीत अशी: ओला कागद शिळेवर बसवायचा, केसाळ ब्रशने ठोकायचा, वाळला की अलगद सोलायचा, मग तो ठसा आणि मूळ शिळा दोन्ही समोर ठेवून चित्र काढायचे. मोरोबा हे काम एखाद्या आजाऱ्याचे अंग पुसावे तसे करत.

मला मात्र ती हवा मानवली नाही. दहा पावले टाकली की छातीचा भाता होई. आपण इथेच मरणार, असे मनाने घेतले. एका दुपारी मी पाणी आणायला गेलो आणि ओढ्यापलीकडे, इतर शिळांपासून दूर, एक पुरुषभर उंचीची शिळा दिसली. तिच्यावर माणूस कोरलेला होता, उभा, माझ्याकडे पाहणारा. मी खिशातल्या वहीत त्याचे टिपण केले आणि कुणाला काही न बोलता परतलो.

दुसऱ्या सकाळी पुन्हा एकटाच तिथे गेलो. खोबरेल तेलाची बाटली थिजली होती. ती काखेत धरून वितळवली, त्यात शेंदूर कालवला आणि त्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत माखले. आमच्याकडे शेंदूर लावताना दगडाला कोणी विचारत नाही, की तू कोणाचा. मी हात जोडून म्हणालो, मला मुलींकडे पोहोचव. त्या वेळी आपण काही बिघडवतो आहोत हे मनातसुद्धा आले नाही.

दोन दिवसांनी वाटाड्या साहेबाला मुद्दाम तीच शिळा दाखवायला घेऊन गेला. सगळ्या खोऱ्यात असे चित्र दुसरे नाही, असे तो आधीपासून सांगत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा समोर नुसता तांबडा ओघळ होता. मोरोबांनी पुसून पाहिले; तेल दगडात मुरले होते, फिके आणि काळे एक झाले होते. ओला कागद लावला, तर तेलकट अंगावरून तो घसरून खाली आला. मोरोबांनी बोटे नाकाशी नेली. त्या मुलखात खोबरेल तेल एकाच माणसाच्या डोक्याला लागत होते, माझ्या.

साहेबाने विचारले, हे कोणी केले. मी घसरलेला कागद गोळा करत राहिलो. मोरोबा म्हणाले, "माझ्या देखरेखीत झालं, तेव्हा माझं."

साहेब रागावला, पण थोड्या वेळाने निवळला. वाटाड्या सांगतो त्यावरून आकृती पुरी करा, म्हणाला, डोक्याभोवती सूर्याचे किरण असणारच, ते घाला, म्हणजे मी हे विसरून जाईन. मोरोबांनी हात धुतले, झाडले. शिळेची कड, खालचे दोन बोकड, सगळे बारकाईने काढले आणि शेंदराचा डाग होता तेवढी जागा कोरी ठेवून कागद साहेबाच्या हाती दिला. साहेबाने तो परत त्यांच्या अंगावर टाकला. ग्रंथाचे काम त्यांच्याकडून गेले.

ते कोणाकडे गेले, हे लिहायला मला सात वर्षे लागली. ते माझ्याकडे आले. साहेबाला हवे होते ते किरण मी काढले. खरे टिपण माझ्या वहीत होते. ते त्याच दिवशी पुढे केले असते तर मोरोबांचा कागद पुरा झाला असता. पण मग मी तिथे एकटा गेलो होतो हे उघड झाले असते. त्या कामावर माझ्या दोन्ही मुलींची लग्ने झाली. मोरोबा छापखान्यात परतले आणि औषधांच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या काढू लागले. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. माझ्याशी बोलणेही टाकले नाही. मीच रस्ता बदलू लागलो.

दीड वर्षापूर्वी कळले, की ते दम्याने अंथरुणाला खिळले आहेत. वही घेऊन प्रभादेवीला गेलो. माडांच्या सावलीत ओटीवर ते उशीला टेकून बसले होते. मी सगळे सांगितले. किरणांचेही.

"तेल तुझं, हे मला तिथंच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग नाव का नाही घेतलंत?"

"तू लावताना मी पाहिलं होतं का? वास आला फक्त. वासाचं चित्र कसं काढायचं?" मग खोकला थांबल्यावर म्हणाले, "आणि तुझा श्वास बघवत नव्हता रे. साहेबानं तुला तिथून एकट्याला हाकललं असतं, तर वाटेतच संपला असतास."

त्यांनी सुनेला पेटीतला कागद आणायला सांगितले. मधोमध कोरी जागा तशीच होती. मी वही पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि माझ्याकडे परत दिली.

"मी नाही पाहिलं. तू पाहिलंयस. तूच काढ."

मी मागच्या विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. ओटीवर येऊन झाडले. म्हातारा हसला. "छापखान्यात यापेक्षा बरं झाडायचास," म्हणाला.

काढत असताना ते एकदाच बोलले. "डावा हात?"

"नव्हता दिसला."

"मग राहू दे."

पुरे झाल्यावर त्यांनी कोपऱ्यात लिहिले: मधली आकृती विनायकाने पाहिली. त्यांच्या नावाशेजारी माझे नाव एवढे एकदाच आले आहे. साथीच्या या दिवसांत कोणी कशानेही गेले तरी लोक साथीने गेला म्हणतात. मोरोबा गेल्या श्रावणात आपल्या दम्यानेच गेले. कागद सुनेने माझ्याकडे आणून दिला.

त्या साहेबाचा ग्रंथ ज्यांच्याकडे असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. त्यातले किरण माझे आहेत, ते मी परत घेतो. त्या माणसाच्या डोक्याभोवती काही नव्हते. पाय थोडे फाकलेले होते, उजवा हात वर होता. डावा मला दिसला नाही. तिथे दगडाचा टवका उडाला होता.