दोन शून्यं आणि साडेतेरा एकर

देवमन खडसे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी खुर्चीवर बसले. त्याआधी अठरा वर्षं ते मोजणीत साखळीवाले होते. शेताच्या कोपऱ्यावर साखळीचं टोक धरून उभं राहायचं, हाक आली की पुढच्या कोपऱ्याकडे चालायचं. गावी, धनजला, त्यांचे वडील पुंजाजी हेच काम गावकीचं म्हणून बिनपगारी करीत. छप्पन्न साली घर बौद्ध झालं, गावकी सुटली. साखळी मात्र देवमनकडे पगारी होऊन आली.

चौऱ्याहत्तर साली त्यांचा उजवा गुडघा सुजू लागला. त्याच साली मंगरूळपीरला एका तलावाखाली जाणाऱ्या शेतांच्या मोजणीसाठी तळ पडला. तिथे हातानं फिरवायचं हिशेबाचं यंत्र पेटीत पडून होतं. चालवणारं कुणी नव्हतं. सातवी झालेले देवमन ते जेवणाच्या सुट्टीत स्वतःच शिकले. खुंट्या आकड्यांवर सरकवायच्या, हँडलचा एक फेरा द्यायचा, की आकडा खालच्या खिडक्यांत जमा. एकर ते डावीकडे मांडत, गुंठे उजवीकडे आणि मधल्या दोन खुंट्या शून्यावर ठेवत. त्यामुळे एकाच फेऱ्यात दोन्ही बेरजा होत आणि एकमेकींत मिसळत नसत. शेवटी गुंठ्यांना चाळीसनं भागलं की झालं. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती, त्यांनीही कुणाला सांगितली नव्हती.

शहात्तरच्या मार्चमध्ये अकोल्याहून दुसरं यंत्र आलं. विजेवर चालणारं, हिरव्या आकड्यांचं. सोबत पत्र होतं: दोन्हींची तुलना करावी, एक ठेवावं, एक परत करावं.

तळाचे निरीक्षक माणिकराव यांनी देवमनना बोलावून घेतलं. "खडसे, आडपडदा नाही ठेवत. जुनी मशीन गेली तं तुमची खुर्चीबी गेली. पुन्हा साखळीवर जा लागते."

"गुडघा दुखते, साहेब."

"मले ठाव हाये. पन पत्र गुडघ्याले इचारत नाही."

तुलना शनिवारी झाली. अठ्ठेचाळीस शेतांची क्षेत्रं, एक यादी, दोन प्रती. नव्या यंत्रावर उत्तमराव, पंचविशीतले कारकून. माणिकरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा शिपाई रामसिंग दारात उभा होता.

"देवमनदादा, दळन बारीक येऊ द्या बरं," तो म्हणाला. हातयंत्राला तो जातंच म्हणे.

"तू पीठ घ्याले डबा आन आधी," देवमन म्हणाले आणि त्यांनी पहिला फेरा दिला.

पाचव्या मिनिटाला उत्तमरावांनी हात वर केला. "एकशे चाळीस एकर बारा गुंठे." देवमन तेव्हा विसाव्या शेतावर होते. त्यांना बारा मिनिटं लागली. डाव्या खिडक्यांत १३१, उजव्या खिडक्यांत ९१२. नऊशे बाराला चाळीसनं भागून त्यांनी कागदावर लिहिलं: एकशे त्रेपन्न एकर बत्तीस गुंठे.

"साडेतेरा एकराचा फरक?" माणिकराव म्हणाले. "कोनाचं खरं धरू?"

"मशीन चुकत नसते, साहेब," उत्तमराव म्हणाले.

माणिकरावांनी स्वतः पेन्सिलीनं बेरीज केली. एकशे त्रेपन्न, बत्तीस.

देवमननी उत्तमरावांची यादी पाहिली. दोन एकर पस्तीस गुंठे त्यांनी यंत्रावर २.३५ असे दाबले होते. कागदावर सगळेच तसं लिहीत. "मशीन नाही चुकली," देवमन म्हणाले. "टिंबाच्या पुढं तिले शंभर ठाव हायेत. आपले चाळीस."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. रामसिंग हसला. "जातं जिकलं!"

"म्हंजे नवी मशीन एकर-गुंठ्याच्या कामाची नाही," माणिकराव म्हणाले. "तसं लिहून देतो." त्यांनी कागद ओढला. देवमनना आता काही बोलायची गरजच नव्हती. निम्मं वाक्य लिहून झालं होतं.

"थांबा, साहेब. होते तिच्यावरबी."

"कसं?"

"टिंबापुढं दोन सुन्न द्या, मंग गुंठे. दोन, टिंब, सुन्न, सुन्न, पस्तीस. गुंठ्याले जागा भेटते, एकरात घुसत नाही."

उत्तमरावांनी पुन्हा सगळे आकडे दाबले. हिरव्या आकड्यांत १३१.०९१२ आलं. सहा मिनिटं. माणिकरावांनी आधीचं वाक्य खोडलं आणि नवं यंत्र ठेवावं असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पद्धत नोंदवली. ती कुणाची, असा रकाना नव्हता.

बाहेर रामसिंगनं देवमनना गाठलं. "कायले सांगतलं तुमी? तोंड बंद ठेवलं असतं तं खुर्ची राह्यली असती."

"दोन सुन्नाची तं गोठ होती. आज ना उद्या उत्तमरावले सुचलं असतं."

"नसतं सुचलं."

"हो," देवमन म्हणाले. "नसतं सुचलं."

सोमवारी हातयंत्र पेटीत घालून अकोल्याच्या एसटीवर चढवलं. पेटी रामसिंगनं उचलली. देवमननी गुडघ्याला फडकं बांधलं आणि साखळी घेतली.

त्या उन्हाळ्यात बांधावरून क्षेत्र ओरडून सांगण्याची रीत बदलली. पूर्वी माणसं "दोन पस्तीस" म्हणत. आता उत्तमरावांना दाबायला सोपं जावं म्हणून "दोन, सुन्न सुन्न, पस्तीस" अशी हाक येई. साखळीच्या मागच्या टोकाला उभे असलेले देवमन ती पुढे पोचवत.