वनितानं निवडलेलं कार्ड

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. धाटावला ज्यांच्याबरोबर उभी नोकरी काढली, त्यांच्यापैकीही कुणाला नाही. तुम्हांला सांगतो आहे – का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही आम्हां दोघांनाही ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका ग्राफिक्स कार्डाची आहे. हसू येईल तुम्हांला. वहीएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप, चिपच्या डोक्यावर इवलासा पंखा. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची, म्हणजे पडद्यावरचं चित्र ती काढते. असल्या वस्तूवरून माणूस दुसऱ्या माणसाचं वाईट करू शकतो का? मलाही आधी वाटलं नसतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा रोह्याचा, अष्टमीत घर, वडील शिक्षक. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ड्रॉइंग सेक्शन माझ्याकडे होता. हाताखाली तिघं. त्यांतली वनिता म्हात्रे पेणच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातून रोज एस.टी.नं यायची. वडील मिठागरावर. घरात डिप्लोमा केलेली ती पहिलीच. कंपनीत कंत्राटावर होती आणि कायम होईल असं सगळे धरून चालले होते.

तिच्याकडे एक गोष्ट होती, ती माझ्याकडे कधीच नव्हती. सपाट कागदावरची ड्रॉइंग तिला उभी दिसायची. एकदा मी सही केलेल्या ड्रॉइंगवर तिनं बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सर, हा व्हॉल्व्ह फिरवायला माणूस उभा कुठं राहील? मागं टाकी हाय." मी पाहिलं. खरंच, मागे टाकी होती. मी ते ड्रॉइंग चार दिवस डोळ्यांखालून घातलं होतं.

मी तिचं कौतुक केलं. तोंडानं केलं. आतून – जाऊ द्या. त्याकडे येतोच.

कंपनीनं नवा प्लांट उभारायचा ठरवला. आधी तो सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर थ्री-डीमध्ये उभा करायचा, मग जमिनीवर. मशीन चांगलं होतं, पण पूर्ण प्लांट उघडला की पडद्यावर एकेक पाइप उगवायचा. चित्र फिरवायला सांगून चहा पिऊन परत यावं, तरी ते अर्धंच फिरलेलं. भारीतलं कार्ड लागणार हे ठरलं. प्रश्न उरला – कुठल्या कंपनीचं?

दोन नावं राहिली. एक अमेरिकेतलं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं. आमचे वरिष्ठ दामले साहेब, त्यांना दिलेल्या टिपणात मी तेच लिहून मोकळा झालो होतो. दुसरं तैवानचं, आमच्यापैकी कुणी ऐकलेलंही नाही. वनितानं जेवणाच्या सुट्टीत दोघांचीही माहितीपत्रकं वाचून काढली. मग मला म्हणाली, "सर, चिप दोघांची एकच हाय. मग फरक कशात?"

मला तो प्रश्नच पडला नव्हता. मी खोक्यावरचं नाव पाहिलं होतं.

फरक तिनंच शोधला. तैवानच्या कार्डावर मेमरी जास्त. चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा जवळजवळ दुप्पट – आणि आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते तिला सांगायला नको होतं. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरसाठी त्या कंपनीनं वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बनवला होता. तिनं मुंबईच्या विक्रेत्याला फॅक्स करून खात्री करून घेतली. त्यानं दोन्ही कार्डं आठवडाभर वापरून बघायला पाठवली.

सोमवारी माझं कार्ड बसवलं. चित्र फिरलं. पहिल्यापेक्षा बरं, पण पूर्ण प्लांट घेतला की अडखळायचं.

मंगळवारी तिचं.

ते कसं सांगू तुम्हांला? तिनं माउस हलवला आणि अख्खा प्लांट वळला – दोन हजार पाइप, टाक्या, जिने, कठडे, सगळं एकदम, हातातलं फळ फिरवून बघावं तसं. मग ती आत शिरली. खरंच सांगतो, शिरली. जिना चढलो, तिसऱ्या मजल्यावर आलो, दोन रिअ‍ॅक्टरांच्या मधून चाललो. खाली पाहिलं तर जाळीतून पहिला मजला दिसत होता. मी टेबलाची कड धरली. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर त्याच जागेवर गवत होतं आणि म्हशी चरत होत्या.

मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली. पण नसलेली गोष्ट इतकी असलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. आणि ती बाई – पंचविशीची मुलगीच म्हणा – पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली, "असंच दिसायचं मला." म्हणजे? म्हणजे आम्ही जे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, ते ती दोन वर्षं नुसत्या कागदावर बघत होती.

घरी गेलो. जेवण गेलं नाही. हे भारावलेपण होतं की जळफळाट, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दामले साहेब मुंबई ऑफिसच्या साहेबांना घेऊन बघायला येणार होते. टिपणावर माझी सही होती.

बुधवारी मी फर्स्ट शिफ्टच्या बसनं आलो. सातला सेक्शनमध्ये मी एकटा. मशीन चालू केलं, पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. तेच. तितकंच सुंदर. मग मी मशीनचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं – मशीन चालू असताना. कशासाठी? ते कार्ड तापतं का, ते बघायला. तापत असेल अशी आशा होती. निदान एक खोट सापडावी. बोट लावून पाहिलं. ठोकळा जेमतेम कोमट. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो निसटला आणि कार्डावर आडवा पडला. बारीकशी ठिणगी, जळका वास, पडदा काळा.

इथपर्यंत अपघात होता. इथपर्यंतचं सांगायला मला इतकी वर्षं लागली नसती.

मशीन बंद केलं. वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या. माझं कार्ड बसवून पाहिलं; चाललं. तिचं पुसून त्याच्या पिशवीत जसंच्या तसं ठेवलं. नऊला वनिता आली. साहेबांपुढे दोन्ही कार्डं पहिल्यापासून बसवून दाखवू, म्हणून तुझं काढून ठेवलंय, असं मी तिला सांगितलं. नवी ओढणी घेऊन आली होती, ते माझ्या लक्षात आहे.

साहेब आले. तिनं कार्ड बसवलं, बटण दाबलं. काळं. काढून पुन्हा बसवलं. काळं. तिसऱ्यांदा बसवण्याआधी तिनं ते ओढणीच्या टोकानं पुसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं – काल चाललं होतं ना, सर, असं. मी म्हणालो, "नाव नसलेल्या कंपन्यांचं असंच असतं. एक दिवस चाललं हेच नवल."

दामले साहेबांनी विचारलं, "हे कार्ड तुम्ही सुचवलंत ना, म्हात्रे?"

"व्हय साहेब. मीच."

कुणावर ढकललं नाही. कारण शोधलं नाही. मग मी माझं कार्ड बसवलं, अर्धाच प्लांट उघडून फिरवून दाखवला, आणि साहेबांनी मान डोलावली.

संध्याकाळी बसला निघण्याआधी ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, मी उगाच वाद घातला तुमच्याशी. मला कागद वाचता येतात. माल नाय कलत."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." तिला धीर दिला मी. मोठेपणानं.

पुढं दोन आठवड्यांनी विक्रेत्याचं पत्र आलं, माझ्याच नावानं. त्यानं लिहिलं होतं की परत पाठवलेल्या कार्डात दोष नव्हता. धातूची वस्तू पडून ते जळल्याची खूण आहे. तुमची हरकत नसेल तर दुसरं पाठवतो. म्हणजे बघा, वाट उघडीच होती. ते पत्र साहेबांपुढे ठेवलं असतं, तर हात माझा होता हे सांगावंच लागलं असतं असं नाही. कुणाचाही असू शकला असता. निदान तिची निवड तरी बरोबर ठरली असती. एवढंही मी केलं नाही. पत्राचे तुकडे केले आणि विक्रेत्याला कळवलं, निर्णय झाला आहे.

मॉडेलचं काम माझ्याकडे आलं. तिला प्रिंट काढायच्या खोलीत बसवलं. मे महिन्यात माझ्या कार्डावर चित्र फाटायला लागलं. आम्ही प्लांटचे तुकडे करून काम केलं, आणि उभारणीच्या वेळी दोन पाइप बीमला आडवे आले, ते कापावे लागले. तिनं तो प्लांट सबंध बघितला असता, तर तिला ते आधीच दिसलं असतं. वर्षअखेरीला तिचं कंत्राट वाढवलं नाही. मला विचारलं होतं. मी म्हणालो, तुम्ही ठरवाल ते.

त्यानंतर साधारण वर्षानं मी पेणच्या बाजारात एका दुकानात शिरलो, तर ती काउंटरपाशी उभी. पुढ्यात दोन मिक्सर, दोन कंपन्यांचे. झेरॉक्सच्या दुकानात काम करते म्हणाली, ड्रॉइंग आता नाय करत. दोन्ही मिक्सरांची पत्रकं काउंटरवर पडली होती. तिनं ती उचललीसुद्धा नव्हती.

"बरं झालं सर आलात. तुम्हीच सांगा कुठल्या कंपनीचा घेऊ. मला यातलं कलत नाय."

मी डावीकडच्या मिक्सरवर हात ठेवला. तो जवळ होता, म्हणून. ती दुकानदाराला म्हणाली, "सर म्हणतात तो द्या."

दुकानदार खोक्याला सुतळी बांधत होता. त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. मी तिच्या वडिलांची तब्येत विचारली.

ती अजून पेणलाच असते. कुठल्या आळीत, ते मला माहीत आहे.